भाऊसो के. पी. यांचा उतारा

मुंबई
१२ ऑक्टोबर १९९८

ती. आबा,

जय भीम.

धम्मचक्र दिनाला येतो म्हणालो आणि आलो नाही. आई फुगून बसली असेल. तिला म्हणावं, आलो की दोन दिवस जास्त राहीन.

न येण्याचं कारण सांगतो, पण तिच्या कानावर घालू नका. इथल्या संस्थेतली माझी पाच वर्षांची मुदत मार्चअखेर संपते. फेब्रुवारीच्या दोन तारखेला एक समिती बसणार आणि मला कायम करायचं की निरोप द्यायचा ते ठरवणार. तुम्हाला वाटेल, पोरगा दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतो, तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी शोधतो, म्हणजे ते येऊन काम बघतील. तसं नसतं. ते दोन आकडे बघतात. एक, लेख किती छापले. दोन, त्या लेखांचे उतारे किती निघाले. म्हणजे असं, की दुसऱ्या कुणा शास्त्रज्ञानं माझ्या कामाचा आधार घेतला तर त्याला आपल्या लेखाच्या शेवटी माझं नाव आणि लेख लिहावा लागतो. तो झाला एक उतारा. जगभरातले असे उतारे गोळा करून दरवर्षी जाडजूड ग्रंथ छापतात, लेखकाच्या नावाप्रमाणे लावून.

माझे लेख अकरा. उतारे चौतीस. त्याच ग्रंथात मोजून काढलेत. समिती बसेपर्यंत ते काही वाढत नाहीत.

बाकी ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? सायकल आता थोडी कमी करा.

आपला,
प्रसेनजीत


उचगाव
२५ ऑक्टोबर १९९८

चि. प्रसेनजीत,

जय भीम आणि आईबापाचा आशीर्वाद.

आईच्या कानावर घालू नका म्हणालास. पत्र आलं तवा मी कारखान्यात. पोस्टमननं तिच्याच हातात दिलं की. साक्षरता वर्गाला जाऊन ती आता काय बी वाचती. तुजं अक्षर डाक्टरासारखं, दोन तास लागलं, पर वाचलंच. मी दारात सायकल लावतोय तर म्हणाली, "पोराला काढून टाकायला लागल्यात व्हय ओ?" आता बोल!

मी पत्र वाचलं आणि मला हसूच आलं. लेका, एकतीस वर्षं मी बावड्याच्या कारखान्यात लॅबात हाय. लॅबबॉय म्हणून लागलो, पुढच्या साली अठ्ठावन्नला रिटायर हुईन तवा बी लॅबबॉयच. पर उतारा कशाला म्हणत्यात हे मला शिकवू नगंस. शंभर किलो ऊस गाळला आणि साखर किती निघाली, त्यो उतारा. बारा लागला तर आमच्यात पेढं वाटत्यात. तुजं अकरा लेखावर चौतीस उतारं. मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. तीनशे नऊ टक्के! आरं असा ऊस जगात न्हाय. चीफ केमिस्टसाहेबांस्नी सांगितलं तर ते म्हणाले, "भाऊसो, आधी काटा तपासा."

मग रडतोस कशाला? त्या कमिटीला म्हणावं, गाळप कमी हाय पर उतारा बघा.

तुजी आई म्हणती, "सात वर्षं झाली मिश्री सोडून. पोरानं माजा गाल खरवडून नेला, काचंखाली बघितला आणि दुसऱ्या दिवशी डबी उकिरड्यावर टाकाय लावली. माजं बघून गल्लीतल्या बनाबाईनं सोडली. हे त्या कमिटीच्या कुठल्या आकड्यात धरत्यात इचारा." मी बी इचारतोय.

आणि त्यो ग्रंथ आपल्या विद्यापीठात असतोय का? शमशुद्दीन फिटरची सलिमा तिथं ग्रंथालयात हाय. तुज्या वर्गातली. जाऊन बघून येतो म्हणतो.

गुडघा हाय तिथंच हाय.

तुजा,
आबा


मुंबई
९ नोव्हेंबर १९९८

ती. आबा,

जय भीम.

पत्र वाचून हसलो, आणि मग हसू आटलं. शब्द माझाच चुकला. हा साखरेचा उतारा नव्हे. इथे टक्के काढत नाहीत. शेजारच्या खोलीत बसणाऱ्या डॉक्टरांचे लेख बासष्ट आणि उतारे सातशेवर. समितीसमोर आमचे दोघांचे कागद एकाखाली एक ठेवतील. माझ्या कागदाकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही.

खरं सांगतो, कंटाळलोय. एका औषध कंपनीनं विचारलंय. माल तपासून शिक्का मारायचं काम. घर देतात, शनिवार-रविवार सुट्टी. सोळा जानेवारीपर्यंत कळवायचंय. हो म्हणावं असं मनात आहे. दहा वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलो, पुरे झालं.

आईला म्हणावं, तिचा प्रश्न बरोबर आहे. तिची मिश्री कुठल्याच आकड्यात धरत नाहीत.

आणि कृपा करून विद्यापीठात जायचं काढू नका. ग्रंथ इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. 'कुरणे पी.' या नावाखाली चौतीसच आहेत. मी दोनदा मोजलेत.

प्रसेनजीत


उचगाव
२० डिसेंबर १९९८

चि. प्रसेनजीत,

जय भीम! जय भीम! आज दोनदा लिवतोय, कारण खाली वाचशील.

दोनदा मोजलं म्हणालास. मग तिसऱ्यांदा कोण मोजणार? तुला बारका हुतास तवापासनं सांगतोय, रीडिंग तीनदा घ्यायचं. म्हणून मी गेलतो. पयली पाळी सुटली की दुपारी तीनला बावड्यासनं थेट विद्यापीठ. चढाला सायकल हातात धरून चालवली, तुज्या जिवाला घोर नगं.

सलिमानं खुर्ची दिली, पाणी दिलं, "चाचा, काय पायजे?" म्हणाली. मी म्हटलं, आमच्या पोराचा उतारा काढून दे. बाजूला एक पावणं बसलं हुतं, त्ये म्हणालं, उतारा तलाठ्याकडं मिळतोय, इथं न्हाय. सलिमा अशी हसली! मग तिनं ग्रंथ आणलं. एकेक ग्रंथ साखरेच्या पोत्यासारखा. कुरणे काढला, बोट फिरवून मोजलं. चौतीस. तुजं बरोबर हुतं.

मी म्हटलं, आता भाऊसोखाली बघ.

ती म्हणाली, "चाचा, तुमी कवा लेख लिवला?"

मी म्हटलं, अगं मस्टरात पोराचं नाव घावलं न्हाय तर बापाच्या नावाखाली बघायचं असतंय. आमच्यात दोन जोतीराम, तीन हंबीरराव. सगळी बापाच्या नावानंच घावत्यात. तिला काय त्ये पटलं न्हाय, पर माजं मन राखायला तिनं बी चा ग्रंथ काढला. बोट खाली खाली आलं आणि थांबलं. मी चष्मा लावला. मला इंग्रजी येत न्हाय, पर माजं नाव मला येतंय. गेटपासावर एकतीस वर्षं बघतोय. बी एच ए यू एस ओ. भाऊसो के. पी.!

सलिमानं लेख कुठला त्ये बघितलं. एक्क्याण्णव सालचा. तोंडातली पेशी तपासायची रीत. कुरणे प्रसेनजीत भाऊसो, त्योच तू. आणि त्याच्याखाली उतारं ह्ये एवढं! एका सालात न्हाय बसलं, सात सालांचं ग्रंथ काढाय लागलं. तीन दिवस गेलतो. एकदा मोजलं तर एकशे एकसष्ट आलं. मग दोनदा मोजलं, एकशे त्रेसष्ट. सलिमानं बी मोजलं. एकशे त्रेसष्ट. जपान हाय, ब्राझील हाय, श्रीलंका हाय. कोण कुठली माणसं, आणि भाऊसोनं असं सांगितलंय म्हणून लिवत्यात!

आरं, एवढं माजं नाव जगभर घातलंस आणि सात वर्षं बोलला न्हाईस? बापाला सांगायला काय लाजलास व्हय? घरी आलो, तुज्या आईला सांगितलं, आणि बोलता बोलता मला रडूच आलं. ती म्हणाली, "रडताय काय, गूळ आणा." आख्ख्या गल्लीला गूळ-शेंगदाणं वाटलं. लॅबात बी सांगितलं. साहेबांनी उठून हातात हात दिला. एकतीस वर्षांत पयल्यांदा.

कंपनीबिंपनी गेली उडत. त्या कमिटीला भाऊसोचा उतारा दाव.

तुजा,
आबा

ता.क. आई इचारती, माजा गाल पयला खरवडलास, तर माजं नाव कुठं हाय?


कोल्हापूर
२२ डिसेंबर १९९८

प्रसेनजीतभाई,

आदाब आणि जय भीम. शाळा सुटल्यापासून तुला पत्र लिहायची वेळ आली नव्हती, ती चाचांनी आणली.

सोबत झेरॉक्स पाठवतेय, सातही वर्षांच्या पानांची. एकशे त्रेसष्ट बरोबर आहे. मी दर ओळ तपासली. तुझ्या बाकीच्या सगळ्या लेखांचे मिळून चौतीस आणि या एकट्याचे एकशे त्रेसष्ट, आणि तू हा लेख मोजतच नाहीस? मला हे कळेना, मग डोक्यात प्रकाश पडला.

आपल्या दाखल्यावर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. कुरणे प्रसेनजीत भाऊसो. बाहेरच्या मासिकाच्या फॉर्मवर 'लास्ट नेम' विचारतात, म्हणजे आडनाव. आपल्याकडची पोरं शेवटचं नाव म्हणून वडिलांचं लिहितात. माझ्या पहिल्या ओळखपत्रावर मी 'मिस शमशुद्दीन' होते. अब्बा आठवडाभर तेच म्हणून हाक मारत होते.

तुझंही तसंच झालं ना? चाचांना वाटतंय, तू मानानं, ठरवून त्यांचं नाव घातलंस. तीन दिवस ते त्या पानावरून बोट फिरवत होते. मी एक शब्द बोलले नाही. ते मी सांगणार नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. पण झेरॉक्स मात्र समितीला दे. वेडेपणा करू नकोस.

तुझी मैत्रीण,
सलिमा


मुंबई
४ जानेवारी १९९९

ती. आबा,

जय भीम.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडली.

तुम्ही गूळ वाटलात. लॅबात सांगितलंत. आता मी जे लिहिणार आहे त्यानं तुम्हाला वाईट वाटेल. पण तुम्हीच शिकवलंत, रीडिंग आलंय तेच लिहायचं, पाहिजे ते नव्हे.

तुमचं नाव मी मानानं घातलं नाही. चूक झाली. पहिलाच लेख, बाहेरच्या मासिकाचा पहिलाच फॉर्म. 'लास्ट नेम' म्हणजे शेवटचं नाव, म्हणून दाखल्यावरचं शेवटचं नाव लिहिलं. छापून आलं तेव्हा 'के. पी. भाऊसो'. तेव्हा मी इथेच विद्यार्थी होतो. सगळे हसले. महिनाभर मला 'मिस्टर भाऊसो' म्हणत होते. 'सो' म्हणजे काय, असं एकानं विचारलं. साहेब, म्हणून सांगितलं तर आणखी हसले. आबा, मीही त्यांच्यात हसलो. त्यांना म्हणालो, गावाकडचं नाव आहे, सोडा.

त्यानंतर मी नावातला तुमचा 'बी' काढूनच टाकला. बाकीचे अकराही लेख नुसते 'कुरणे पी.' या नावानं आहेत. हा लेख संस्थेच्या कार्यालयानं यादीतून वगळला, नाव जुळत नाही म्हणून. मी भांडलो नाही. उलट बरंच वाटलं. त्याचे उतारे किती निघाले ते बघायला बी चा ग्रंथ मी कधी उघडला नाही. तो तुम्ही उघडलात.

आणखी एक गोष्ट मला सलिमाची पानं बघताना उमगली. जगातल्या लोकांनी त्या लेखातून नेमकं काय उचललं? फक्त रीत. त्याआधी लोक गालाच्या एकाच जागेवरून पेशी खरवडून घ्यायचे. मी तीन जागांवरून घेतल्या. मिश्री लावतात तिथून, तिच्या शेजारून आणि पलीकडच्या गालातून. तिन्ही एकमेकींशी ताडून बघितल्या. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. चौथीत असताना तुम्ही मला शिरोलीच्या मळ्यात नेलं होतं. उसाला बुडख्यात टोचलंत, मध्ये टोचलंत, शेंड्यात टोचलंत. तिन्हींचा थेंब गोडी मोजायच्या यंत्रावर ठेवून मला डोळा लावायला लावलात. म्हणालात, "एकाच जागचा रस घेतलास की ऊस खोटं बोलतोय."

म्हणजे लेख मी लिहिला, पण त्यातली उचलण्याजोगी गोष्ट तुमची. फॉर्म चुकला, नाव मात्र बरोबर जागी पडलं. हे मला सात वर्षांत कळलं नाही.

आज झेरॉक्स घेऊन कार्यालयात गेलो. ते म्हणतात, भाऊसो के. पी. आणि कुरणे पी. एकच कशावरून? पुरावा आणा. कसला आणू? कंपनीला अजून उत्तर दिलेलं नाही.

आईला सांगा, तिचं नाव लेखात आहे. नमुना क्रमांक एक.

माफ करा.
प्रसेनजीत


उचगाव
१३ जानेवारी १९९९

चि. प्रसेनजीत,

जय भीम.

तुजं पत्र वाचलं, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तीन दिवस कुणाला दावलं न्हाय. तुज्या आईला बी न्हाय. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? ती माणसं हसली म्हणून न्हाय वाटलं. त्यांस्नी काय ठाव, सो म्हंजे काय. तू त्यांच्यात हसलास, त्ये लागलं.

चवथ्या दिवशी लॅबात बसलोतो. रसाची बाटली हलवली, रीडिंग घेतलं, तक्त्यात आकडा लिवला. त्यो तक्ता सहीला साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि तिथंच उभा ऱ्हायलो. मनात आलं, एकतीस वर्षं रीडिंग माजं आणि खाली सही दुसऱ्याची. साहेब वाईट न्हाईत, लई चांगलं हाईत, पद्धतच तशी हाय. रोजचा तक्ता, सालाचा रिपोर्ट, कुठं बी भाऊसो न्हाय. मला त्याचं कवा काय वाटलं बी न्हाय. आणि हिकडं तू राबलास आणि खाली नाव पडलं माजं! मग मला हसू फुटलं. माजं काम दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याचं काम माज्या नावावर. झाली की रं फिट्टंफाट! साहेब म्हणाले, "भाऊसो, काय झालं?" मी म्हटलं, साहेब, हिशोब मिटला.

तवा माफी मागू नगंस. आणि शिरोलीचा मळा तुज्या ध्यानात हाय ह्ये वाचून जे वाटलं त्ये मला लिवता येत न्हाय. तू त्या दिवशी निम्मा ऊस खाल्लातास आणि घरी येऊन ओकलातास, मला तेवढंच आठवत हुतं.

आता पुराव्याचं. त्यात अवघड काय हाय? सातबाऱ्यावर एका माणसाची दोन नावं लागली तर आपुण काय करतोय? मी काल कचेरीसमोरच्या बाँडरायटरकडं गेलो. तुजा दाखला, माजं रेशनकार्ड आणि सलिमाकडनं झेरॉक्सची दुसरी प्रत घिऊन. त्यो म्हणाला, "गट नंबर सांगा." मी म्हटलं, जमीन न्हाय. "मग घर?" घर बी न्हाय. "मग उतारा कशाचा?" मी म्हटलं, तोंडाच्या कॅन्सरचा. त्यानं टोपी काढून ठेवली आणि म्हणाला, बसा, पयल्यापासनं सांगा. सगळं सांगितलं. त्येचं थोरलं भाऊ तंबाखूनंच गेलेलं. त्यानं लई मन लावून टाईप केलं, दोनदा वाचून दावलं, तिसऱ्यांदा मी वाचाय लावलं. सोबत स्टँपपेपर हाय. त्यात असं लिवलंय:

"मी, भाऊसो गुंडू कुरणे, वय ५७, धंदा नोकरी, रा. उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, भाऊसो के. पी. व कुरणे पी. हे दोन इसम नसून एकच इसम आहे, व तो माझा मुलगा आहे. सदर भाऊसो या नावावर निघालेले एकशे त्रेसष्ट उतारे हे त्याचेच असून त्यावर माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क अगर तक्रार नाही."

शेवटची वळ बाँडरायटरनं सवयीनं घातली. मी म्हटलं, आसू दे, आमचा वारस बी त्योच हाय.

कंपनीला नगं म्हणून कळीव. तिथं शिक्कं मारायला माणसं लई हाईत.

तुजा,
आबा

ता.क. नमुना क्रमांक एक लई खुश हाय. समद्यास्नी सांगत सुटली.


मुंबई
३ फेब्रुवारी १९९९

ती. आबा आणि आई,

जय भीम.

झालं! कायम झालो. आधी तेवढं लिहून टाकतो, मग बाकीचं.

तुमचं पत्र पंधराला मिळालं आणि त्याच दिवशी कंपनीला नाही म्हणून तार केली. स्टँपपेपर कार्यालयात दिला तर तिथल्या बाईंनी तो उलटापालटा केला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, असा पुरावा आजवर आला नाही, पण नियमात 'नको' असंही कुठं लिहिलेलं नाही. घेतला!

काल समितीसमोर बसलो. पाच जण. अध्यक्ष एक वयस्क बाई, केस पांढरे, मराठी येत नाही. शेजारच्या सदस्यानं त्यांना कागद इंग्रजीत वाचून दाखवला, 'माझा अगर माझ्या वारसांचा' पर्यंत सगळा. माझे कान तापले. मला वाटलं, आता हसणार. कुणी हसलं नाही. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे भाऊसो तुमचे वडील. त्यांचा या लेखाशी काही संबंध?"

मी म्हणालो, "रीत त्यांची आहे, बाई. पेशींवर मी वापरली एवढंच."

मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. बुडखा म्हणजे कुठला भाग, शेंड्याचा रस पाणचट का, तुम्ही थेंब कसा घ्यायचा. दहा मिनिटं कॅन्सर राहिला बाजूला आणि ऊसच चालला. शेवटी त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "सात वर्षं या माणसाचा सगळ्यात चांगला लेख आपल्याच यादीत नव्हता." तासाभरानं मला आत बोलावून सांगितलं.

शेजारच्या खोलीतले डॉक्टर संध्याकाळी पेढे मागायला आले. दारातून ओरडले, "काय मिस्टर भाऊसो!" मी म्हणालो, "बोला की!" आणि खरंच आबा, मला ते नाव आवडलं.

येत्या शनिवारी येतोय. आईला म्हणावं, तांबडा रस्सा कर.

तुमचा,
प्रसेनजीत भाऊसो कुरणे


उचगाव
१० जून २००१

चि. प्रसेनजीत,

जय भीम आणि आशीर्वाद.

तुजं टपाल मिळालं. नवा लेख मिळाला. वर नाव बघितलं. कुरणे पी. बी. त्यो मधला बी बोट ठेवून तुज्या आईला दावला. ती म्हणाली, "एवढुसा?" मी म्हटलं, इंग्रजीत बाप एवढुसाच असतोय.

रिटायर होऊन दीड वरीस झालं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शेवटचा तक्ता माज्यापुढं सरकवला आणि म्हणाले, आज सही तुमची. मी केली. लई झोकात केली, दोन वळीत गेली. त्यो तक्ता फायलीत लागला का त्यांनी बदलला, मी इचारलं न्हाय.

आता महिन्याच्या पयल्या सोमवारी विद्यापीठात जातो. सलिमाच्या पोरीला, अर्शीला, कडंवर घिऊन बसतो आणि तिची आई ग्रंथ काढती. दोन हजार सालापतूर भाऊसोचं उतारं दोनशे अकरा झालं. कुरण्याचं बी आता सत्तर हाईत, पर त्यो अजून बापाच्या लई मागं हाय. राग मानू नगंस.

तुज्या नव्या लेखाच्या शेवटी जी नावांची यादी हाय, ती सलिमानं वाचून दावली. पयलंच नाव, भाऊसो के. पी., एक्क्याण्णव. तू सोता माजा उतारा घेतलास. सलिमा म्हणाली, "चाचा, हा दोनशे बारावा."

मी म्हटलं, न्हाय, ह्यो धरू नगंस. ह्यो घरचा हाय, घरचा आपुण मोजत न्हाय. तिला पटलं, तिनं धरला न्हाय.

पर त्यो कागद उशाला ठेवलाय, आणि रोज सकाळी चा प्यायच्या आधी तेवढी एक वळ वाचतोय.

तुजा,
आबा